हार्वर्डच्या वर्गातला गोंगाट

एक अवजड ट्रक आणि एक छोटी मोटार समोरासमोर धडकतात. त्या क्षणी कोण कोणावर जास्त बल लावतं? ट्रक मोटारीवर, मोटार ट्रकवर, की दोघंही सारखंच?

न्यूटनचा तिसरा नियम शाळेत शिकलेल्या बहुतेकांना झोपेतून उठवून विचारला तरी म्हणता येतो. पण हा प्रश्न समोर आला की आतून कुणीतरी कुरकुरतं: मोटारीचा चेंदामेंदा होतो आणि ट्रकचा नुसता बंपर वाकतो, मग बल सारखं कसं असेल? उत्तर म्हणजे बल सारखंच असतं. तेवढ्याच बलानं हलक्या मोटारीच्या वेगात फार मोठा बदल होतो, ट्रकच्या वेगात थोडा. एवढं सांगितलं की ऐकणारा मान डोलवतो. आणि मान डोलवणाऱ्याच्या डोक्यातला ट्रक बहुतेक वेळा तसाच दांडगाई करत राहतो. हे फक्त कच्च्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडतं, असा १९९० सालापर्यंत हार्वर्ड विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाचा समज होता.

एरिक माझूर मूळचे नेदरलँड्सचे. लेझर आणि प्रकाशविज्ञान हा त्यांचा प्रांत. १९८४ मध्ये ते हार्वर्डला शिकवायला लागले आणि त्यांच्या वाट्याला आला प्राथमिक भौतिकशास्त्राचा वर्ग. त्यातली बरीचशी मुलं पुढे डॉक्टर होणारी. भौतिकशास्त्राचं प्रेम म्हणून कुणी आलेलं नव्हतं. वैद्यकीय महाविद्यालयात जायचं तर हा विषय करावा लागतो, म्हणून आलेली ही मंडळी. अशा वर्गाला शिकवणं नव्या प्राध्यापकाला जड जातं. माझूर यांना गेलं नाही. त्यांची व्याख्यानं नेटकी असत, प्रयोग रंगत, मुलं परीक्षेत अवघड गणितं सोडवून दाखवत आणि सत्राच्या शेवटी भरून द्यायच्या अभिप्रायात सरांना उत्तम गुण देत.

त्या अभिप्रायांत एक बारीक तक्रार मात्र अधूनमधून डोकवायची. माझूर आपल्या व्याख्यानांची टिपणं छापून मुलांना वाटत. काही मुलांनी लिहिलं की सर वर्गात टिपणंच शिकवतात. ही काय तक्रार झाली? टिपणं एक आणि शिकवायचं दुसरं, असं करायचं की काय? माझूर यांनी ती बाजूला सारली. मुलं खरं तर नेमकी गोष्ट बोलत होती: जे हातात छापून आहे, तेच तासभर मोठ्यानं ऐकायला आम्ही कशाला जमतो? पण उत्तम गुण मिळालेल्या माणसाला असले प्रश्न ऐकू येत नाहीत. आपल्याकडच्या नावाजलेल्या शिकवणी वर्गांनाही ते ऐकू येत नाहीत, हे जाता जाता म्हणून ठेवतो.

मग त्यांच्या वाचनात अॅरिझोना राज्यातून आलेलं काही संशोधन आलं. तिथल्या विद्यापीठात इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनीस या दोघांनी मुलांना गती आणि बल या कल्पना कितपत समजतात याची एक चाचणी तयार केली होती आणि १९८५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. चाचणीत सूत्र नाही, आकडेमोड नाही. रोजच्या बोलीतले प्रश्न आणि खाली पर्याय. खुबी होती ती त्या पर्यायांत. चुकीचे पर्याय पेपर काढणाऱ्यानं खुर्चीत बसून रचलेले नव्हते. आधी तेच प्रश्न मुलांना मोकळेपणानं लिहून सोडवायला दिले आणि मुलांनी खरोखर ज्या चुका केल्या, त्या उचलून पर्याय म्हणून मांडल्या. प्रत्येक चुकीचा पर्याय म्हणजे कुणाच्या तरी मनात खोल बसलेली एक समजूत होती.

अशी समजूत कशी असते ते कॅरमवर बघा. स्ट्रायकरला टिचकी मारली, तो बोटापासून सुटला, अर्ध्या बोर्डावर आला. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण, वर रेटणारा बोर्ड आणि मागे खेचणारं घर्षण. बस. पुढच्या दिशेनं एकही नाही. पण विचारून पाहा, दहापैकी बरेच जण म्हणतील, ‘टिचकीचा जोर आहे ना अजून त्याच्यात!’ वस्तूत जोर भरला जातो आणि चालता चालता तो संपतो, ही कल्पना युरोपातल्या मध्ययुगीन पंडितांनीही मोठ्या गंभीरपणे मांडली होती. ती अडाणी नाही, पाहिलेल्या जगाशी जुळणारी आहे. म्हणूनच ती हटत नाही. फळ्यावर न्यूटन लिहिला की विद्यार्थी न्यूटन वहीत उतरवतो आणि स्ट्रायकरमध्ये जोर ठेवूनच घरी जातो.

हलून आणि हेस्टेनीस यांना आढळलेली दुसरी गोष्ट अधिक बोचरी होती. त्यांनी चार प्राध्यापकांचे वर्ग तपासले. एक सिद्धान्ताची मांडणी काटेकोर करणारे, एक वर्गात भरपूर प्रयोग दाखवणारे, एक गणितं सोडवून दाखवण्यावर भर देणारे आणि एक पहिल्यांदाच हा विषय शिकवत असलेले, पुस्तकाबरहुकूम जाणारे. चौघांच्याही विद्यार्थ्यांची समज सत्रभरात जवळजवळ सारखीच वाढली होती, म्हणजे अगदी थोडी. शिकवणारा रंगतदार की रुक्ष, अनुभवी की नवखा, यानं काही फरकच पडला नव्हता. एखाद्या चांगल्या शिक्षकानं हे वाचलं तर त्याच्या मनात पहिला विचार काय येईल? माझ्या वर्गात असं नाही. माझूर यांच्याही मनात तेच आलं. हार्वर्डची मुलं म्हणजे निवडून घेतलेली मुलं. ती असल्या प्रश्नांत अडखळणार?

त्यांनी ती चाचणी आपल्याच वर्गाला द्यायची ठरवली. काळजी होती ती एकाच गोष्टीची: प्रश्न इतके सोपे आहेत की मुलांना अपमान वाटायचा. वर्गाचा अभ्यास तेव्हा बराच पुढे गेलेला होता, फिरणाऱ्या वस्तूंची जडत्व-आघूर्णं वगैरे चालू होती.

कागद वाटले गेले आणि थोड्याच वेळात एका मुलीनं विचारलं, सर, या प्रश्नांची उत्तरं कशी लिहू? तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे, की मी एरवी या गोष्टींचा जसा विचार करते त्याप्रमाणे?

या शोधकथेतला मोक्याचा पुरावा हाच. ती मुलगी ढ नव्हती. तिला दोन्ही उत्तरं माहीत होती. एक सरांचं, परीक्षेत लिहायचं. एक स्वतःचं, जगताना वापरायचं. ही दोन खाती तिनं वेगळी ठेवली होती आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं तिला वाटतही नव्हतं. बाकीच्या मुलांची खातीही वेगळीच होती. तिनं ते विचारलं, इतकंच.

निकाल लागला. फिरत्या वस्तूंवरच्या अवघड सत्रपरीक्षेत मुलांनी जे केलं होतं, त्याहून या ‘अपमानास्पद सोप्या’ चाचणीत फारसं बरं केलं नव्हतं.

यानंतर माझूर यांनी सगळ्यांनाच सुचेल ते केलं: चाचणीवर संशय घेतला. शब्दरचना फसवी असेल, मुलांनी मनावर घेतलं नसेल. पण संशोधक असल्यामुळे ते तिथं थांबले नाहीत. त्यांनी पुढच्या परीक्षेत एक सापळा लावला. विषय विजेच्या मंडलांचा. एकाच विषयावर दोन प्रश्न दिले.

पहिला नेहमीचा. दोन फेरे असलेलं मंडल, त्यात बॅटऱ्या, रोध, त्यांचे आकडे. एका रोधातून जाणारी विद्युतधारा काढा आणि दोन बिंदूंमधलं विभवांतर सांगा. यात समीकरणं मांडावी लागतात, ती एकाच वेळी सोडवावी लागतात, चिन्हं चुकली की सगळं वाया. दुसरा प्रश्न इतका साधा की भौतिकशास्त्रातल्या माणसाला तो हसूच आणेल. एकाच प्रकारचे तीन दिवे एकापाठोपाठ बॅटरीला जोडले आहेत. तिसऱ्या दिव्याच्या दोन टोकांना एक तार जोडली आहे, तिच्यावर स्विच. स्विच दाबला तर पहिल्या दोन दिव्यांचा उजेड वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? तिसऱ्याचं काय होईल? बॅटरीतून निघणारी धारा वाढेल की घटेल?

हा प्रश्न आपण थोडा सोडवून बघू, कारण त्याची गंमत सोडवण्यातच आहे. बॅटरी १२ व्होल्टची धरा. स्विच उघडा असताना तिन्ही दिव्यांना प्रत्येकी ४ व्होल्ट मिळतात. स्विच दाबला की विजेला तिसऱ्या दिव्याला वळसा घालून जाणारी मोकळी वाट मिळते. तो दिवा विझतो. आता १२ व्होल्ट दोघांतच वाटले जातात, प्रत्येकी ६. म्हणजे उरलेले दोघे आधीपेक्षा जास्त उजळतात. रोध एक तृतीयांशानं कमी झाल्यामुळे धारा दीडपट होते. संपलं. ना समीकरण, ना चिन्हांची भानगड. दोन ओळींत होणारं काम.

आणि या दोन ओळींत हार्वर्डची मुलं घसरली. अवघड समजला जाणारा प्रश्न त्यांना त्या मानानं चांगला सुटला. सोप्या प्रश्नाचे सरासरी गुण त्याहून बरेच कमी. ज्यांना पहिल्यात पैकीच्या पैकी, त्यांच्यातल्याही काहींनी दुसऱ्यात सपशेल आपटी खाल्ली. याचा अर्थ एकच निघत होता. पहिला प्रश्न सोडवायला वीज समजावी लागत नाही. कृती पाठ असावी लागते: फेरा धरा, बेरीज शून्य करा, पुढच्या फेऱ्याला जा. आकडे आत घालायचे, उत्तर बाहेर काढायचं. दुसऱ्या प्रश्नात आकडेच नव्हते, त्यामुळे कृती चालवायला काही हाताशी उरलं नाही आणि मुलं उघडी पडली. सहा वर्षं मुलं अवघड गणितं सोडवतात म्हणून आपण उत्तम शिक्षक, असं माझूर धरून चालले होते. तो पुरावाच बाद ठरला.

रोग कळला. औषध मात्र अपघातानं सापडलं.

चाचणीतल्या प्रश्नांवर मुलं गोंधळली आहेत हे कळल्यावर माझूर एका तासाला त्यातलाच एक प्रश्न फळ्यावर समजावून सांगू लागले. त्यांना जमलं असं वाटलं. वळून पाहिलं तर वर्गभर कोरे चेहरे. त्यांनी दुसऱ्या वाटेनं समजावलं. चेहरे आणखी गोंधळले. मुलांना काही विचारायचं आहे, पण काय विचारायचं तेही सांगता येत नाही, अशी अवस्था. आता काय करावं हे त्यांना सुचेना. निम्म्याच्या आसपास मुलांनी चाचणीत या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं, हे त्यांना आठवत होतं. आणि निव्वळ हतबल होऊन त्यांनी आजवर वर्गात कधी न काढलेलं वाक्य काढलं: तुम्हीच एकमेकांत बोला ना.

क्षणात सभागृहात गलका झाला. मुलं मागे वळली, बाकं ओलांडून वाकली, हातवारे करू लागली, एकमेकांना खोडून काढू लागली. फळ्याजवळच्या प्राध्यापकाकडे कुणाचं लक्षच उरलं नाही. आणि दोन-तीन मिनिटांत प्रश्न उलगडला होता. माझूर यांना तिथं उभं राहून जे इतका वेळ साधलं नव्हतं, ते शेजारी बसलेल्या पोरानं करून दाखवलं.

कसं काय? माझूर यांनी पुढे याचं जे कारण दिलं, ते कुठल्याही शिक्षकानं कागदावर लिहून टेबलावर ठेवावं इतकं मोलाचं आहे. प्राध्यापकाला ही गोष्ट समजून इतकी वर्षं झालेली असतात की ती कधीकाळी आपल्याला का समजत नव्हती, हेच तो विसरलेला असतो. नवशिक्याचा पाय नेमका कुठे अडकतो ते त्याला दिसत नाही. शेजारच्या मुलाला ती गोष्ट आत्ताच, कदाचित पाच मिनिटांपूर्वी, समजलेली असते. खाच कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, कारण तो स्वतः त्यातून नुकताच वर आलेला असतो. तज्ज्ञपणा वाढत जातो तसतसं शिकवणं सोपं होतं, हा आपला समज अर्धवट आहे. एका अंगानं ते अवघडच होत जातं.

अपघातातून पद्धत घडवायला मात्र काही वर्षांची मेहनत लागली. टिपणं आणि पुस्तक मुलांनी घरून वाचून यायचं. वर्गात तेच पुन्हा ऐकवायचं नाही. म्हणजे त्या जुन्या तक्रारीची दखल अखेर घेतली गेली. तासाला थोडं बोलायचं, मग एक प्रश्न. मिनिटभर प्रत्येकानं गप्प बसून स्वतःचा विचार करायचा आणि उत्तर नोंदवायचं. सुरुवातीला हात वर करून, पुढे छापील पत्ते उंचावून, नंतर छोट्या रिमोटसारख्या यंत्रांनी. मग वेगळं उत्तर दिलेला शेजारी गाठायचा आणि त्याला पटवायचं. मग पुन्हा उत्तर नोंदवायचं.

यातलं गप्प बसण्याचं मिनिट लोक बऱ्याचदा गाळतात आणि मग पद्धत चालत नाही म्हणून हात वर करतात. आधी स्वतःचं उत्तर ठरलेलं नसेल तर चर्चेत हुशार मुलाची री ओढण्यापलीकडे काही होत नाही. एकदा उत्तर देऊन बसलं की माणूस त्यात गुंततो, ते राखायला कारणं शोधतो, आणि कारणं शोधताना कुठलंच टिकत नाही हे त्याचं त्यालाच कळतं. दुसरी अडचण प्रश्नाची. फार सोपा असला तर बोलायला काही नाही. फार अवघड असला तर आंधळ्यांनी आंधळ्यांना वाट दाखवायची. पहिल्या फेरीत साधारण तिसरा हिस्सा ते दोन तृतीयांश मुलांचं उत्तर बरोबर येतं, असा प्रश्न सगळ्यात चांगला भांडायला लावतो. तसे प्रश्न रचणं हेच या पद्धतीतलं खरं कष्टाचं काम. माझूर यांनी १९९७ मध्ये या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, त्याचा मोठा भाग अशा तयार प्रश्नांनीच भरला आहे.

पद्धत बदलल्यावर पहिल्याच वर्षी मुलांच्या समजेतली वाढ त्या चाचणीच्या मापानं जवळपास दुप्पट झाली. वर्गात गणितं सोडवून दाखवणं कमी करूनही गणितांतले गुण घसरले नाहीत. पण एका प्राध्यापकाचा एक वर्ग, तोही हार्वर्डचा. यावर कोण विश्वास ठेवणार? १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्या एकत्र करून मांडल्या. जितकं सुधारायला वाव होता त्यातलं किती सुधारलं, हे त्यांचं माप. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत ते सरासरी ०.२३ भरलं. मुलांना वर्गातच विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८.

तरी एक शंका शिल्लक राहतेच, आणि ती रास्त आहे. दुसऱ्या फेरीत जास्त उत्तरं बरोबर येतात, मान्य. पण मुलं शिकतात कशावरून? वर्गातल्या हुशार मुलानं सांगितलं, बाकीच्यांनी उत्तर बदललं, संपलं. आपल्या परीक्षांच्या हॉलमध्ये हीच पद्धत वेगळ्या नावानं चालते!

या शंकेचा छडा कोलोराडो विद्यापीठातल्या मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी लावला. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्ग आनुवंशिकीचा. त्यांनी प्रश्नांच्या जोड्या केल्या: वरून वेगळे दिसणारे, आतून एकाच कल्पनेवर उभे असलेले. पहिल्या प्रश्नावर एकट्यानं उत्तर, मग चर्चा, मग पुन्हा उत्तर. बरोबर उत्तर कुणालाच सांगायचं नाही. लगेच जोडीतला दुसरा प्रश्न, तो मात्र पुन्हा एकट्यानं, शेजाऱ्याशी न बोलता. मुलांनी नुसती नक्कल केली असती तर दुसऱ्या प्रश्नात ती पुन्हा जिथल्या तिथे यायला हवी होती. तसं झालं नाही. नवा प्रश्नही त्यांना सुटला. याहून चकित करणारी गोष्ट आकडेवारीतून निघाली: अवघड प्रश्नांच्या वेळी ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हतं, त्यांच्यातलीही मुलं बोलता बोलता बरोबर उत्तरापाशी पोचत होती. सांगणारा नव्हताच. तरी कळत होतं.

एवढं सगळं सिद्ध झाल्यावर व्याख्यानं बंद पडायला हवी होती. पडली नाहीत. याचं एक कारण पुन्हा हार्वर्डमध्येच, २०१९ मध्ये पुढे आलं. लुई डेलोरिये आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक भौतिकशास्त्राच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एकाला कसलेल्या शिक्षकाचं घोटीव व्याख्यान, दुसऱ्याला तोच धडा, तेच कागद, पण आधी मुलांनी गटात झगडायचं. पुढच्या धड्याला गटांची अदलाबदल. चाचणीत झगडणारा गट वरचढ ठरला. आणि आपण किती शिकलो असं वाटतं, हे विचारल्यावर उलटंच आलं: व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. घोटीव व्याख्यान ऐकताना कुठेच ठेच लागत नाही, आणि ठेच न लागणं म्हणजेच समजणं, असं ऐकणाऱ्याला वाटतं. ‘समजलं का?’ या प्रश्नाला वर्गातून एका सुरात येणारा ‘हो’ हा त्यामुळे खोटा नसतो. मुलांना खरंच तसं वाटत असतं. माझूर यांना सहा वर्षं मिळालेले उत्तम अभिप्रायही असेच प्रामाणिक होते.

मोठ्या वर्गात हे कसं जमणार, असं आपल्याकडे हमखास विचारलं जातं. पवईला आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगची पहिली ओळख करून देणारा वर्ग २०१३ च्या सुमारास साडेचारशेच्या घरातला होता. तिथं श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती, अदिती कोठियाल आणि सहकाऱ्यांनी याच कुळीतली पद्धत वापरली: आधी एकट्यानं विचार, मग जोडीनं, मग सगळ्या वर्गात. २०१३ मध्ये त्यांनी मांडलेल्या निरीक्षणांत सरासरी ८३ टक्के मुलं त्या वेळी खरोखर त्या कामात गुंतलेली दिसली. मागच्या रांगेत बसून दुसरंच काही करणारी मुलं ज्यानं पाहिली आहेत, त्याला या आकड्याचं मोल सांगायला नको.

माझूर पुढे जगभर शिक्षकांपुढे आपली ही कहाणी सांगत फिरले. त्या भाषणांत ते श्रोत्यांवरही हाच प्रयोग करतात. धातू तापला की प्रसरण पावतो, एवढं आधी सांगतात. मग प्रश्न: धातूच्या एका पत्र्याला मधोमध गोल भोक आहे. पत्रा सगळीकडून सारखा तापवला, तर भोक मोठं होईल, लहान होईल की तेवढंच राहील? पांढऱ्या केसांची प्राध्यापक मंडळी उत्तर नोंदवतात, शेजाऱ्याशी हमरीतुमरीवर येतात, हवेत बोटांनी गोल काढतात. सभागृह दणाणून जातं. मग माझूर सगळ्यांना शांत करतात आणि उत्तर न सांगताच पुढच्या मुद्द्याकडे वळू लागतात. श्रोते त्यांना वळू देत नाहीत.